नेट कुणाच्या ताब्यात आणि आपण कुणाच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा धंदा मूळचा केबल टीव्हीचा. पूर्वी खांबाखांबावरून काळी जाड वायर जायची, आता त्याच खांबांवरून फायबर जातं आणि गिऱ्हाइकं आम्हाला ‘नेटवाले’ म्हणतात. वसुलीला, नाहीतर डब्यावर लाल दिवा लागला म्हणून घरात शिरलो की चहा येईस्तोवर एक विषय हमखास निघतो: हे सगळं चालवतं कोण, आणि ते आपल्यालाही चालवतंय का? अशोक चौकातले कारखानदार एका तऱ्हेनं विचारतात, जुळे सोलापुरातले निवृत्त मास्तर दुसऱ्या तऱ्हेनं, कॉलेजची पोरं तिसऱ्या. त्यातले नेहमीचे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. जिथं कायदा किंवा इतिहास आहे तिथं तो सांगितला आहे. बाकी मतं माझी.

इंटरनेटचा मेन स्विच शेवटी कुणाकडे असतो?

एकच मेन स्विच कुठंही नाही, आणि हे ठरवून केलेलं आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड या संस्थेत पॉल बॅरन यांनी मांडलं की दळणवळणाला मधोमध केंद्र असेल तर एका बॉम्बमध्ये सगळं गप्प होईल. त्याऐवजी प्रत्येक ठाणं तीन-चार ठाण्यांना जोडावं, निरोपाचे तुकडे करावेत आणि ज्या तुकड्याला जी वाट मोकळी मिळेल तिनं त्याला जाऊ द्यावं. तुकड्यांची ही रीत पुढं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं उभारलेल्या अर्पानेट या जाळ्यात आली. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला, पहिली दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा बसली. म्हणजे ‘लाइन डाऊन आहे’ हे आमचं वाक्य पहिल्या दिवसापासूनचं. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटवर टीसीपी-आयपी हे नियम लागू झाले, जे आजही चालतात, आणि १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सामान्य माणसाला इंटरनेट विकायला काढलं.

हे झालं कागदावरचं जाळं. खांबावरचं चित्र वेगळं आहे. तुमच्या घरातल्या डब्यातून केसाएवढा काचेचा धागा निघतो. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक छोटी पेटी असते, तिच्यात स्प्लिटर. एका धाग्याचे तिथं आठ, सोळा, बत्तीस होतात. ते सगळे मिळून आमच्या खोलीत, सगळे धागे सांभाळणाऱ्या ओएलटी नावाच्या मशीनला येतात आणि तिथून भाड्यानं घेतलेली लाइन पुण्या-मुंबईकडं जाते. समुद्राखालच्या केबल तर देशात मोजक्याच शहरांत किनाऱ्याला लागतात. मुंबई आणि चेन्नई त्यात मुख्य. म्हणजे जाळं आहे ते मधल्या भागात. दोन्ही टोकांना बोळ आहे, आणि बोळात एक माणूस आडवा उभा राहिला तरी पुरतो. होटगी रोडला जेसीबीनं दात लावला की चारशे घरांत एकदम लाल दिवा लागतो. त्या जेसीबीवाल्याला सत्ता नको असते, त्याला ड्रेनेजची लाइन टाकायची असते.

ताब्याचा विचार करताना हे बोळ शोधावेत. बाकी चर्चा हवेत राहते.

बिल थकलं की तुम्ही कनेक्शन तोडता. मग ताबा तुमचाच की ओ!

तोडतो. पॅनेल उघडायचं, नावासमोर एक क्लिक, संपलं. पूर्वी पोराला शिडी देऊन खांबावर चढवावं लागायचं, तेव्हा तोडण्याआधी दोनदा विचार व्हायचा. पण माझ्याही वर एक पॅनेल आहे आणि त्यावर माझं नाव आहे.

यातला खरा मुद्दा पुढं वारंवार येणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. मी तुमचं नेट बंद करू शकतो, पण तुम्हाला कीर्तन बघायला लावू शकत नाही. नेटवर्कमुळं हातात येणारी ताकद बहुतेक वेळा नाकारण्याची असते. माणसाला हवं तसं वागायला लावण्याची ताकद त्या मानानं फार कच्ची आहे. लोक मात्र दुसरीला घाबरतात आणि पहिलीकडं बघतही नाहीत.

सरकार मग अख्ख्या जिल्ह्याचं नेट कसं बंद करतं?

लेखी आदेशानं. परवाना असलेल्या कंपन्यांना आदेश येतो आणि त्यांचे इंजिनिअर आपापल्या यंत्रणेत बदल करतात. कुणी कुठं जाऊन खटका ओढत नाही. परवाना जाईल ही भीती असल्यामुळं कुणी नाहीही म्हणत नाही.

कायद्याची गंमत बघा. २०१७ मध्ये केंद्रानं इंटरनेट बंदीचे नियम केले ते १८८५ च्या तार कायद्याखाली. आदेश केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवांनी द्यायचा. अगदीच निकड असेल तर त्यांनी नेमलेला सहसचिव किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी देऊ शकतो, पण चोवीस तासांत त्याला वरून मंजुरी लागते. वर आढावा समिती असते. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री जम्मू-काश्मीरमध्ये सेवा बंद झाल्या आणि मोबाइलवरचं फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. मधे १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील. त्यानंतर एका आदेशाला १५ दिवसांची कमाल मर्यादा आली. आता तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं घेतली आहे आणि बंदीचे नवे नियम २०२४ चे आहेत.

म्हणजे ‘नेटवर्कमुळं सरकारला ताकद मिळाली’ यापेक्षा सरकारजवळ जी ताकद आधीपासून होती तिला नेटवर्कमध्ये पकडायला जागा मिळाली, हे जास्त खरं. पण बंदीनं समाज मुठीत येतो का? २०११ मध्ये इजिप्तनं २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर जवळजवळ सगळ्या देशाचं इंटरनेट बंद केलं. घरात बसून फोनवर बातम्या बघणारे लोक काय चाललंय ते पाहायला रस्त्यावर आले, गर्दी वाढली आणि ११ फेब्रुवारीला मुबारक यांना पायउतार व्हावं लागलं. गर्दीला इतरही पुष्कळ कारणं होती, पण बंदीनं ती थांबली नाही एवढं नक्की.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा माणसं मोकळी होती, असं म्हणायचं का?

हा प्रश्न सोलापुरात तरी विचारू नये. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये गाव पेटलं, गोळीबार झाला, अधिकारी शहर सोडून गेले आणि मधले काही दिवस शहराची व्यवस्था लोकांनीच पाहिली. १२ मेपासून मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यासाठी एकही संगणक लागला नाही. तार, रेल्वे, बंदूक आणि हुकूमनामा एवढ्यावर भागलं.

तेव्हाचंही एक नेटवर्क होतंच. तारायंत्र सरकारच्या हातात, आणि लोकांच्या हातात गिरणीचा भोंगा, पाळी सुटल्यावर दारात जमणारी गर्दी आणि छोटी वर्तमानपत्रं. कुर्बान हुसेन स्वतः पत्रकार होते. ‘गझनफर’ हे त्यांचं पत्र. ज्याच्याकडं तार होती त्यानं फौज बोलावली, ज्यांच्याकडं भोंगा होता त्यांनी गाव थांबवलं. ताबा कुणाचा होता हे मेच्या कुठल्या तारखेला विचारताय त्यावर अवलंबून.

संगणकाच्या जाळ्यावर अख्खा देश चालवायचा प्रयत्न कुणी केलाय का?

केलाय, दोघांनी, आणि दोन्ही गोष्टी आपल्याकडं फारशा सांगितल्या जात नाहीत.

चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारनं १९७१ मध्ये सायबरसिन नावाचा प्रकल्प हाती घेतला. स्टॅफर्ड बीअर नावाच्या ब्रिटिश तज्ज्ञाला बोलावलं. देशभरच्या सरकारी कारखान्यांत टेलेक्स, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवणारी मशीन बसवली, रोजचे आकडे सँतियागोला यायचे, तिथला संगणक ते तपासायचा आणि काही बिनसलं तर इशारा द्यायचा. वर्तुळात खुर्च्या मांडलेली, भिंतीवर पडदे असलेली एक नियंत्रण-खोलीही तयार केली. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला तेव्हा या टेलेक्सचा खरंच उपयोग झाला: कुठं माल अडलाय, कुठला रस्ता मोकळा आहे, संपात नसलेले ट्रक कुठं पाठवायचे हे तासातासाला कळत होतं. सरकार त्या संपातून तरलं. पण ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं बंड केलं, आयेंदे गेले आणि ती खोलीही मोडीत निघाली. रणगाडा दाराशी आल्यावर टेलेक्सचं काही चालत नाही.

सोव्हिएत संघात व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात देशव्यापी संगणक-जाळ्याचा आराखडा मांडला. त्याचं नाव ओगास. अख्ख्या अर्थव्यवस्थेचे आकडे एकाच जाळ्यात आणायचे. १९७० मध्ये वरच्या मंडळींनी तो मूळ रूपात मंजूर केलाच नाही. अर्थखातं आणि सांख्यिकी खातं एकमेकांच्या उरावर बसली होती. खरे आकडे एका जागी आले तर कुणाची तरी झाकली मूठ उघडणार होती. ज्या राज्यात वर्तमानपत्रापासून पासपोर्टपर्यंत सगळं मुठीत होतं, तिथं नेटवर्क उभं राहिलं नाही, कारण मूठवाल्यांनाच ते नको होतं. मला ही गोष्ट फार आवडते. ‘नेटवर्क म्हणजे हुकूमशाही’ म्हणणाऱ्यालाही ती अडचणीची आणि ‘नेटवर्क म्हणजे लोकशाही’ म्हणणाऱ्यालाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकांची डोकी फिरवतात, हे तरी खरं ना?

डोकी फिरतात हे खरं. फिरवणारा दरवेळी कुणी असतोच, असं नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं पाच जणांना जमावानं मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी भटक्या जमातीची माणसं, त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोरं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा तेव्हा फोनाफोनावर फिरत होती. त्या अफवेमागं एखादा सूत्रधार असता तर तो पकडता आला असता. पण ती हजारो माणसांनी काळजीपोटी, ‘आपल्या लोकांना कळावं’ म्हणून पुढं ढकललेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीकडं मजकूर वाचायची सोय नव्हती, पण पळण्याचा वेग कमी करायची होती. मजकुराला हात न लावता नुसता वेग बदलणं हीसुद्धा सत्ताच आहे, आणि ती कुणालाही न विचारता वापरली गेली. त्या वेळी बरोबर वापरली गेली, असं माझं मत.

मुद्दाम मतं फिरवण्याचा गाजलेला दाखला केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक-प्रचाराचा सल्ला विकणाऱ्या कंपनीचा. २०१८ मध्ये उघड झालं की फेसबुकच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत खातेदारांची माहिती तिकडं गेली होती. माहिती चोरीसारखीच गेली, यात वाद नाही. तिच्या जोरावर किती मतं फिरली, हे मात्र कुणाला दाखवता आलेलं नाही. कंपनीच आपली फुशारकी मारत होती. जाहिरात विकणारा आपली जाहिरात चालते असंच सांगणार.

सोलापुरात तर हे काम आणखी अवघड. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू असे चार वेगळे ग्रुप. एकाच बातमीचे चार अवतार मी एकाच दुपारी चार घरांत ऐकलेत, आणि चारांतली खलनायकाची जागा प्रत्येक घरात वेगळ्या माणसाला मिळालेली. भडकवायला हे पुरतं. कुणाला एका दिशेनं न्यायचं असेल तर पुरत नाही.

मग खरा ताबा दिसतो कुठं?

रेशन दुकानात. हे उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. त्यांना अमेरिका, चीन, उपग्रह असं काहीतरी हवं असतं.

आमच्या भागात बिडी वळणाऱ्या अक्का पुष्कळ. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, घरी पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं. दिवसाला हजार बिडी हा हिशेब. वीस-तीस वर्षं हे केल्यावर बोटाच्या पेरावरच्या रेषा झिजतात. आता ही अक्का रेशनला जाते. ई-पॉस मशीनच्या लाल काचेवर अंगठा ठेवते. मशीनमधल्या सिमवरून मागणी आधारच्या सर्व्हरला जाते, तिथं जुळवाजुळव होते आणि दोन-चार सेकंदांत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच परत येतं. ‘नाही’ आलं की दुकानदार म्हणतो, ‘अक्का, पुसून ठेवा.’ ती पदराला पुसते. पुन्हा नाही. दुसरं बोट. मग तर्जनी खोबरेल लावून, कारण कुणीतरी सांगितलंय की त्यानं लागतं. रांगेतल्या बायका सल्ले देतात. शेवटी, ‘उद्या सकाळी या, रेंज चांगली असते.’

या सगळ्यात तिला नाही कोण म्हणालं? दुकानदार म्हणतो मशीन, मशीनवाला म्हणतो सर्व्हर, सर्व्हर कुठंय ते कुणाला माहीत नाही. पूर्वी दुकानदार लबाडी करायचा. धान्य संपलं म्हणायचा, मागच्या दारानं काढायचा. ती लबाडी मशीननं बरीच आवळली, हे मान्य केलंच पाहिजे. पण लबाड माणसाशी भांडता येत होतं. त्याच्या दारात दहा बायका जाऊन बसल्या की पोतं निघायचं.

कायद्यानं अंगठा न जुळल्यास डोळ्याची बुबुळं, ओटीपी किंवा कागदोपत्री ओळख असे पर्याय आहेत. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं अनुदान-लाभांसाठी आधार चालेल असं म्हटलं आणि ओळख जुळली नाही म्हणून हक्काच्या माणसाला वंचित ठेवू नये, हेही बजावलं. पर्याय आहेत हे त्या रांगेत सांगणारं कोणी नसतं, एवढीच अडचण. आणि हातावर पोट असलेल्या बाईची ‘उद्या सकाळी या’ म्हणजे एक दिवसाची बिडी बुडाली.

असं घडवून आणावं असं कुणीही ठरवलेलं नाही, म्हणून तर ते अवघड आहे. ताबा आहे, पण त्याला मालक सापडत नाही.

कांद्याचे भाव आता मोबाइलवर दिसतात. मग व्यापाऱ्याची पकड सुटली असेल ना?

भाव दिसणं आणि भाव मिळणं यांत सोलापूर बाजार समितीच्या गेटपासून लिलावाच्या ओट्यापर्यंतचं अंतर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा इथं विकला. भाव निघाला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात दोन रुपयांचा धनादेश. देशभर बातमी झाली. त्या दिवशीही भाव मोबाइलवर होते. पण गाडी बाजारात उभी राहिल्यावर, कांदा पोत्यात घामेजायला लागल्यावर, परतीचं भाडं अंगावर दिसत असताना ‘लासलगावला जास्त आहे’ हे कळून शेतकरी करणार काय? साठवायला जागा आणि थांबायला पैसा असलेल्यालाच माहितीचा उपयोग होतो, आणि तो माणूस बहुधा समोरच्या बाजूला उभा असतो.

उलट बाजूनं हेही आहे की ती दोन रुपयांची पट्टी देशानं पाहिली ती फोनवरच. सरकारला त्यावर बोलावं लागलं.

फोनपे-गूगल पे बंद पडले तर?

पडतात अधूनमधून. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास अडखळलं होतं. टपरीवाल्यानं तेव्हा ‘उद्या द्या’ म्हटलं आणि उधारीची वही पुन्हा कामाला आली.

यूपीआयची पटरी टाकली ती एनपीसीआय या संस्थेनं. ती २००८ ची, बँकांच्या मालकीची, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली. यूपीआय आलं २०१६ मध्ये. पण व्यवहारांच्या संख्येतला ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा या दोन अ‍ॅपकडं आहे. एका अ‍ॅपकडं तीस टक्क्यांहून जास्त वाटा नको, असा नियम २०२० मध्ये ठरला आणि त्याची मुदत ढकलत ढकलत २०२६ अखेरपर्यंत नेली आहे. नियम करणाऱ्यालाच तो लावता येत नाही, तिथं ताबा कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

आमचा फोन आमचं बोलणं ऐकतो का? आणि तुम्ही आमचं काय काय बघता?

घरात टॉवेलचा विषय निघाला आणि फोनवर टॉवेलची जाहिरात आली, असं प्रत्येक घरात सांगतात. ऐकायची गरजच पडत नाही. तुम्ही कुठं गेलात, काय शोधलंत, तुमच्या वायफायवर आणखी कुणाचे फोन आहेत, त्यांनी काय शोधलं, एवढ्यावर पुष्कळ कळतं. घरात विषय निघाला म्हणजे कुणीतरी आधीच शोधलं होतं, बहुतेक वेळा.

मी काय बघतो? तुमची लाइन कुठल्या पत्त्यांशी, केव्हा आणि किती बोलली, याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. परवान्याची अट आहे. आतला मजकूर बहुतेक साइटवर कुलूपबंद जातो, तो मला दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर त्या कंपनीलाही वाचता येत नाही, पण कोण कुणाशी किती वेळा बोललं हे कळतं. मास्तर, तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत जागे असता एवढं मला माहीत आहे. काय बघता ते नाही. काळजी नसावी.

मोठ्या कंपन्यांना तरी आपल्या यंत्रणेवर पूर्ण ताबा असेल?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकनं आपल्याच वाटांच्या पाट्या चुकून पुसल्या. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम जगभर सहा तासांच्या आसपास गायब. त्यांच्या माणसांना स्वतःच्याच यंत्रणेत शिरायला वेळ लागला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहायची पाळी आली. २००८ मध्ये पाकिस्ताननं यूट्यूब आपल्यापुरतं अडवायला घेतलं आणि चुकीची वाट जगाला सांगून बसले. जगभरचं यूट्यूब थोडा वेळ तिकडं ओढलं गेलं. यातल्या कुणाला जग थांबवायचं नव्हतं.

सामान्य माणसानं मग काय मागावं?

‘नेटवर्क नको’ हे मागून उपयोग नाही, मलाही उपाशी माराल. नकार लेखी मागावा. अंगठा जुळत नाही, नाव पोर्टलवर दिसत नाही, ई-केवायसी अडकली, काहीही असो: कुणी, कुठल्या कारणानं, कुठल्या तारखेला नाकारलं ते कागदावर. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवा मुदतीत न दिल्यास अपील करता येतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे.

दुसरं, मशीन ठेवाल तिथं एक माणूस ठेवा, आणि त्याला मशीनचा ‘नाही’ फिरवायचा अधिकार द्या. वॉर्डात मतं मागायला येतील त्यांना हे विचारा. गटारी आणि दिव्यांइतकाच हा आता नागरी प्रश्न आहे.

गड्ड्याच्या यात्रेत नेट मुद्दाम बंद करतात का?

जानेवारी आला, सिद्धेश्वराची ही यात्रा भरली की हा प्रश्न येतोच. नंदीध्वज निघाले, अक्षता सोहळ्याला पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी जमली, आणि सगळे एकाच क्षणी हात वर करून व्हिडिओ पाठवायला लागले की टॉवर गुदमरतो. एका टॉवरची क्षमता ठरलेली. तो सगळ्यांना थोडं थोडं देतो आणि कुणाचंच पूर्ण होत नाही. यात कटकारस्थान काही नाही.

ओळखायचं कसं? फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण, मेसेज एका टिकवर अडकलेला, पण दहा मिनिटांनी गर्दीबाहेर आल्यावर जातो: ही गर्दी. आदेशानं मोबाइल इंटरनेट बंद असेल तर फोन लागतात, एसएमएस सहसा जातात, पण कुठल्याही चौकात, कुठल्याही कंपनीच्या सिमवर, पहाटे चारलासुद्धा डेटा चालत नाही. अशा वेळी घरातलं फायबर बऱ्याचदा चालू असतं, कारण आदेशात ते वेगळं धरलेलं असू शकतं. आणि ते बंद दिसलं तर मला फोन करण्याआधी डब्याचा प्लग नीट बसलाय का ते बघा.